हिरवी खूण

चारुदत्तानं स्टीलची पट्टी कागदावर दाबून धरली आणि शेवटची उभी रेघ ओढली. पट्टी पुण्याहून सामानात आलेली होती. मागच्या बाजूला कोरलेल्या कारखान्याच्या नावातली निम्मी अक्षरं अजून वाचता येत होती. शनिवारची सकाळ होती. वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटच्या टेकड्यांवरचं धुकं विरलं नव्हतं. बायको आणि मुलगी दोघी अजून झोपल्या होत्या. कागदावर सहा आडव्या ओळी आणि वरती दोन नावं, ऑकलंड आणि वेलिंग्टन. आता कच्च्या तक्त्यावरून आकडे उतरवले की पक्की प्रत तयार.

अनुया, त्याची सतरा वर्षांची एकुलती एक मुलगी, तिला मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्सची, म्हणजे एमआयएसची पदवी घ्यायची होती. ती घ्यायची हे ठरलं होतं, कुठे घ्यायची तेवढं अडलं होतं. वेलिंग्टनला घेतली तर घरात राहून, रोज सकाळी ट्रेननं, बाबांच्याच सोबत. ऑकलंडला घेतली तर होस्टेल, आणि घरी वर्षातून दोन-तीन वेळा. तिथल्या होस्टेलचा अर्ज करायचाच झाला, तर तो सोमवारी पोस्टात पडायला हवा होता.

"तूच कर ना बाबा, तुझं ते एमआयएस," अनुया गेल्या रविवारी म्हणाली होती. "आय कान्ट डिसाइड. तुझ्या शीटवर जे वर येईल तिथे मी जाणार. प्रॉमिस. नंतर कुरकुर, व्हिंज पण नाही करणार."

हे ऐकून चारुदत्ताची कळी खुलली होती. पुण्याच्या कारखान्यात त्यानं एकोणीस वर्षं एमआयएस विभागात काढली होती. तिथे एमआयएस म्हणजे काही यंत्र नव्हतं. पाच टेबलं, दोन पंखे, एक कपाट आणि महिन्याच्या पाच तारखेच्या आत मोठ्या साहेबांच्या टेबलावर जाणारा रिपोर्ट. किती माल झाला, किती नापास झाला, कुठलं खातं मागे पडलं. आता त्याच नावाची पदवी मिळते, विद्यापीठं त्यासाठी गुळगुळीत रंगीत पुस्तकं छापतात आणि आपली पोर ती पदवी घ्यायची म्हणते, याचं त्याला हसूही यायचं आणि छातीही फुगायची.

नाही म्हणायला, वेलिंग्टनच्या मराठी मंडळींच्या गणपतीत त्याला फुकटचे सल्ले पुष्कळ मिळाले होते. कुणी म्हणालं, एमआयएस म्हणजे ना धड मॅनेजमेंट ना धड कम्प्युटर. कुणी म्हणालं, डॉटकॉमचा फुगा फुटून तीन वर्षं झाली, आता दोन हजार चारमध्ये कोण आयटीत पोरांना घालतं? मोदक खाता खाता दुसऱ्याच्या मुलांची आयुष्यं मार्गी लावायला आपल्या माणसांना काही लागत नाही. चारुदत्त सगळ्यांना हो हो म्हणाला होता आणि घरी येऊन त्यानं तक्ता आखायला घेतला होता. पदवी वसूल होणार की नाही हे तोंडानं सांगण्याचं काम नाही, ते मांडून बघायचं काम आहे, असं त्याचं मत.

मांडणी सोपी होती. सहा बाबी. प्रत्येक बाबीला दहापैकी गुण, आणि ती बाब किती महत्त्वाची त्याप्रमाणे तिला वजन, एक ते पाच. गुणांना वजनानं गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची. गुण काढणं त्याचं काम. वजनं अनुयानं सांगायची.

"महत्त्वाचं काय ते तू ठरवायचं," तो तिला म्हणाला होता. "रिपोर्ट करणाऱ्यानं ठरवायचं नसतं."

तिनं सफरचंद खाता खाता वजनं सांगितली होती. विषय, चार. वर्गात मुलं किती, दोन. शिकता शिकता एखाद्या कंपनीत प्रत्यक्ष काम किती आठवडे, पाच. पदवीनंतर वर्षभरात नोकरी, चार. शिकता शिकता एखाद्या कंपनीत प्रत्यक्ष काम किती आठवडे, पाच. घरापासून अंतर या बाबीवर मात्र ती बराच वेळ थांबली. तिचे ओठ 'वन' म्हणण्यासाठी पुढे आल्यासारखे त्याला वाटले. मग तिनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "टू."

कच्च्या तक्त्याची बेरीज काल संध्याकाळीच झाली होती. वेलिंग्टन एकशे त्रेचाळीस, ऑकलंड एकशे एक्कावन्न. त्यानं ती तीनदा करून पाहिली. खर्चाच्या ओळीत ऑकलंड सपाटून मार खात होतं, अंतराच्या ओळीत तर विचारूच नका. पण तिसऱ्या ओळीत सगळं फिरत होतं. कंपनीतलं काम वेलिंग्टनच्या कोर्सात बारा आठवडे होतं आणि ऑकलंडच्या कोर्सात चोवीस. तीस आठवड्यांना दहा, या हिशेबानं ऑकलंडला आठ गुण. त्याला पाचानं गुणून चाळीस.

खरं तर बेरीज नसती केली तरी त्याला कळलंच असतं. सोफ्याशेजारी दोन्ही विद्यापीठांची माहितीपुस्तकं पडलेली असायची. वेलिंग्टनचं अजून उघडताना कुरकुरत होतं. ऑकलंडच्या पुस्तकाचे कोपरे दुमडून दुमडून मऊ झाले होते.

पक्क्या प्रतीत पहिल्या दोन ओळी त्यानं झरझर उतरवल्या. तिसऱ्या ओळीत वेलिंग्टनखाली बारा लिहिले. मग ऑकलंडच्या रकान्यात पेन टेकवलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. कागदावर शाईचा बारीक ठिपका उमटला. त्या ठिपक्यापासून त्यानं पेन सरळ खाली ओढलं. एक. त्याच्यापुढे चार. चौदा आठवड्यांचे गुण येतात पाच. पाच पाचे पंचवीस. खालची बेरीज एकशे छत्तीस.

हात चुकला नव्हता. हाताला जे सांगितलं तेच त्यानं केलं होतं.

चारुदत्तानं कच्चा तक्ता चार घड्या घालून झग्याच्या खिशात टाकला. फाडायचा धीर झाला नाही. पक्की प्रत त्यानं फ्रिजच्या दारावर किवी पक्ष्याच्या चुंबकाखाली लावली आणि लगेच आंघोळीला निघून गेला. जणू काही घाई होती.

बाहेर आला तेव्हा त्याची बायको सुलभा औषधांच्या दुकानात गेली होती. तिथे ती फार्मासिस्ट होती आणि शनिवारी अर्धा दिवस असायचा. अनुया वीटबिक्सचा वाडगा हातात धरून फ्रिजसमोर उभी होती. खालची बेरीज बघायला जेवढा वेळ लागतो, त्याहून किती तरी जास्त वेळ ती तिथे उभी होती. तिचा चमचा दुधात बुडून तसाच राहिला होता.

"वेलिंग्टन, देन," ती वळून म्हणाली.

"हं. सात गुणांनी."

"स्वीट अ‍ॅज." इथल्या पोरांच्या भाषेत 'छान, चालेल' असं म्हणून तिनं वाडगा सिंकमध्ये ठेवला. निम्मं खाणं त्यात तसंच होतं. "थँक्स बाबा. हीप्स ऑफ वर्क केलंस तू."

यापेक्षा ती रुसली असती, पाय आपटले असते, तर बरं झालं असतं. चारुदत्त मागच्या दारानं बाहेर गेला आणि त्यानं गवत कापायचं यंत्र काढलं. गवत ओलं होतं, कापायच्या लायकीचं नव्हतं. तरी तो कापत राहिला.

कुंपणाशी कोव्हायचं झाड पिवळं धमक झालं होतं आणि एक तुई पक्षी फांदीला उलटा लटकून मध पीत होता. त्याच झाडाखाली बसून नऊ वर्षांपूर्वी अनुयानं त्याच्या रिपोर्टचं पहिलं वाचन केलं होतं. ती तेव्हा आठ वर्षांची. त्याला दीड वर्ष सुपरमार्केटात फळ्या भरायचं काम करायला लागलं होतं आणि नुकतंच वेलिंग्टनच्या एका सरकारी खात्यात आकड्यांचं काम मिळालं होतं. काही चुकलं तर काम जाईल या धास्तीनं तो रिपोर्टची प्रत घरी आणायचा. पडताळायला दुसरं माणूस हवं, म्हणून पोरीला समोर बसवायचा.

वाचनाची ती रीत बाळासाहेबांची. बाळासाहेब पुण्याच्या त्या विभागाचे प्रमुख होते, कपाळाला गंध, खिशाला दोन पेन्सिली, एक हिरवी आणि एक लाल. त्यांच्या टेबलावरून कुठलाही कागद वाचन झाल्याशिवाय पुढे गेला नाही. एकानं मूळ रजिस्टर हातात घेऊन आकडे मोठ्यानं वाचायचे. दुसऱ्यानं तयार रिपोर्ट समोर ठेवून ऐकायचं. जुळला तर हिरवी खूण, नाही जुळला तर लाल गोल. आणि आकडा वाचायचा तो एकेक अंक सुटा करून. पंख्याच्या खडखडाटात 'चौदा' आणि 'चोवीस' एकसारखे ऐकू येतात, म्हणून 'चोवीस' असं कुणी म्हणायचंच नाही. दोन. चार. तसं म्हटलं की चुकायला जागाच नाही.

"वाचणाऱ्यानं पुढ्यात आहे ते वाचायचं," बाळासाहेब नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत. "खूण करणाऱ्यानं ऐकलंय त्याची करायची. मध्ये कुणी आपलं शहाणपण घालायचं नाही. साहेबाला काय आवडेल, हे साहेबाला कळतं, आपल्याला कळायची गरज नाही."

बाळासाहेब निवृत्त झाले आणि वर्षभरात कारखान्याचा नवा मॅनेजर चारुदत्ताच्या टेबलाशी येऊन बसला. फाउंड्रीतला नापास माल आठ टक्के झाला होता. तो सहा दाखव, एवढंच त्याचं म्हणणं. हसून, खांद्यावर हात ठेवून. चारुदत्तानं आठच लिहिले. पुढच्या महिन्यात त्याचं टेबल जिन्याखाली गेलं आणि त्याच्यावर येणारे कागद बंद झाले. सात महिने तो तिथे नुसता बसून पगार घेत होता. मग त्यानं न्यूझीलंडचा अर्ज भरला. सुलभा अजून कधी कधी लोकांना हसत हसत सांगायची, "लोक पैशासाठी येतात, शिक्षणासाठी येतात. आमचे हे दोन टक्क्यांसाठी सातासमुद्रापलीकडे आले."

त्या सात महिन्यांतही त्याला झोप नीट लागायची. आज मात्र सकाळपासून काही तरी टोचत होतं आणि ते झग्याच्या खिशातला कागद म्हणून टोचत नव्हतं, झगा तर आत खुंटीवर होता.

यंत्र बंद करून तो पायरीवर बसला. आपण केलं ते काय एवढं मोठं, असं त्यानं स्वतःला समजावून पाहिलं. वेलिंग्टनचा कोर्स काही वाईट नव्हता. मुलगी घरचं जेवेल. कर्ज कमी होईल. पण हे सगळं त्यानं तक्त्यात आधीच धरलं होतं, गुण देऊन, वजनासकट. तक्त्यात नव्हती ती एकच गोष्ट, आणि ती त्याची स्वतःची होती. सात वाजून पाचची गाडी. नदीच्या बाजूची दोघांची सीट. नऊ वर्षं तो त्या गाडीनं एकटा जात होता आणि गेली दोन वर्षं, अनुयानं या विषयाचं नाव काढल्यापासून, तो मनातल्या मनात तिच्यासाठी शेजारची जागा धरून बसत होता. होस्टेलचा खर्च वाचेल म्हणून नाही, काही नाही. तिच्याशी चाळीस मिनिटं बोलायला मिळेल म्हणून. ती अलीकडे घरात फारशी बोलत नसे. बोलली तरी इंग्रजीत, आणि दारातून आत-बाहेर करता करता.

पोर जवळ राहावी, असं वाटण्यात काय पाप आहे? पाप नव्हतंच. पण ते सांगायला तोंड होतं की. तोंडानं न सांगता त्यानं ते आकड्याकडून सांगवलं होतं.

दीड वाजता सुलभा आली. तिनं चहा टाकला, ताटात तूरडाळ ओतली आणि टेबलाशी निवडायला बसली. इथल्या दुकानातल्या डाळीत दहा वर्षांत एक खडा निघाला नव्हता. तरी न निवडता ती कुकर लावत नसे.

"ठरलं का?" तिनं फ्रिजकडे मान वळवून विचारलं.

"ठरलं," अनुया सोफ्यावरून म्हणाली. "वेलिंग्टन. आय विल लिव्ह विथ यू गाइज फॉरएव्हर."

सुलभाच्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद दिसला. तो लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही. मग ती डाळीवरून हात फिरवत म्हणाली, "तपासलं कुणी?"

"कशाला तपासायचं?" चारुदत्त म्हणाला. "मी केलंय."

"तुम्ही केलंय म्हणूनच विचारतेय. आमच्या दुकानात खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरसुद्धा दुसऱ्याची सही लागते. आणि एरवी विजेच्या बिलाचंही वाचन करून घेणारे तुम्ही. आज हरिश्चंद्राला काय झालं?"

"आई, इट्स फाइन," अनुया पटकन म्हणाली. "आय ट्रस्ट हिम."

"विश्वासाचा प्रश्न नाही गं. पद्धत आहे आपल्या घरची. बसा दोघं. चहा होईपर्यंत होईल."

आता उठून जाणं म्हणजे सगळं सांगितल्यासारखंच होतं. चारुदत्तानं फ्रिजवरचा कागद काढला, खणातून दोन पेन्सिली घेतल्या आणि तो टेबलाशी बसला. अनुया दोन्ही माहितीपुस्तकं आणि गाडीतला रस्त्यांचा नकाशा घेऊन समोर येऊन बसली. ऑकलंडच्या पुस्तकाचे दुमडलेले कोपरे तिनं सरळ केले होते. नुसते सरळ नाही, वरून काही तरी जड ठेवलं असावं, इतके सपाट. चारुदत्तानं ते पाहिलं आणि मान खाली घातली.

लहान असताना या खुर्चीत तिचे पाय जमिनीला टेकत नसत. ती पाय हलवत, मराठीत, एकेक अंक सुटा करून वाचायची. दोन. चार. सात. शून्य. शून्याला ती 'पूज्य' म्हणायची, तेही बाळासाहेबांचंच, त्याच्याकडून तिच्याकडे गेलेलं. एका आकड्यावर एक शेंगदाणा, असा भाव होता. बाराव्या-तेराव्या वर्षी कधी तरी मराठी अंक गेले आणि त्यांच्या जागी इंग्रजी आले. कधी गेले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"रेडी?" अनुयानं विचारलं.

"वाच."

पहिली ओळ विषयांची होती. तिनं दोन्ही पुस्तकांतून विषयांची संख्या वाचली. जुळली. त्यानं हिरव्या खुणा केल्या. दुसरी ओळ वर्गातल्या मुलांची.

"वेलिंग्टन. फोर, झीरो. ऑकलंड. सिक्स, फाइव्ह."

हिरवी. हिरवी.

"थ्री. वीक्स इन इंडस्ट्री." तिनं वेलिंग्टनचं पुस्तक उचललं. "वेलिंग्टन. वन, टू."

त्यानं खूण केली. पेन्सिलीचं टोक किंचित सरकलं.

आता सगळं आपोआप होणार होतं. ती वाचेल, 'टू, फोर.' तो कागदाकडे बघून म्हणेल, अरे, इथे चौदा झालंय की, उतरवताना चूक झाली वाटतं. लाल गोल करेल. कुणाला काही कळणार नाही. आपली सुटका इतकी सोपी आहे हे लक्षात आल्यावर त्याला जरा मोकळं वाटलं आणि मोकळं वाटल्याची लाजही वाटली.

अनुयानं ऑकलंडचं पुस्तक उघडलं. पान शोधावं लागलं नाही, ते आपसूकच उघडलं. पानावर मधोमध निळ्या चौकटीत ठळक अक्षरांत तो आकडा छापलेला होता. समोरून, उलटा असूनही, चारुदत्ताला तो स्पष्ट दिसत होता. तिनं त्या आकड्याखाली बोट ठेवलं.

"ऑकलंड," ती म्हणाली. थोडी थांबली. "वन. फोर."

सुलभाचा हात डाळीत थांबला नाही. तिला काही कळण्याचं कारणच नव्हतं. गॅसवर चहाला उकळी फुटत होती.

चारुदत्तानं वर पाहिलं. अनुया पुस्तकाकडेच बघत होती, बोट अजून चोवीसच्या खाली.

"परत वाच," तो म्हणाला.

"वन, फोर, बाबा." आवाज अगदी सरळ होता. "जुळतंय ना? टिक कर."

सकाळी फ्रिजसमोर ती इतका वेळ काय बघत होती, ते त्याला आता कळलं. तो आकडा तिला पाठ होता, त्याच्याआधीपासून पाठ होता. तिनं चूक पाहिली होती आणि ती चूक नाही हेही तिला कळलं होतं. बाबा कधी आकडा चुकवत नाहीत, हे या घरात तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि तरी 'स्वीट अ‍ॅज' म्हणून तिनं वाडगा सिंकमध्ये ठेवला होता, पुस्तकाचे कोपरे सरळ केले होते आणि आता, आयुष्यात पहिल्यांदा, पुढ्यात आहे ते न वाचता बापाच्या कागदावर होतं ते वाचलं होतं.

बाळासाहेबांच्या नियमानं खूण हिरवीच करायला हवी होती. वाचलेलं आणि लिहिलेलं जुळत होतं.

चारुदत्तानं हिरवी पेन्सिल टेबलावर ठेवली, लाल उचलली आणि चौदाभोवती गोल काढला. बाजूला चोवीस लिहिले. पाच खोडून आठ केले, पंचवीस खोडून चाळीस. एकशे छत्तीसवर आडवी रेघ मारून शेजारी एकशे एक्कावन्न लिहिले आणि खाली, खाडाखोड केली की करतात तशी, बारीक सही केली.

"काय झालं?" सुलभानं विचारलं.

"उतरवताना चू…" तो बोलायला गेला आणि थांबला. "चूक नव्हती ती. मी मुद्दाम लिहिलं होतं."

सुलभा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर खोडलेल्या बेरजेवर गेली आणि तिथून लेकीकडे. एकोणतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला चिडवायची एवढी मोठी संधी तिला कधी मिळाली नव्हती. तिनं ती घेतली नाही. उठून गॅस बंद केला आणि पाठ करून चहा गाळत राहिली, तीन कपांना लागतो त्याहून बराच जास्त वेळ.

"मला ट्रेन चालली असती, बाबा," अनुया म्हणाली. मराठीत म्हणाली. "खरंच. आय वुडन्ट हॅव व्हिंज्ड."

"माहितीये."

"तू विचारलं असतंस ना, तर मी…"

"म्हणूनच नाही विचारलं," तो म्हणाला. हे त्याला स्वतःलाही बोलल्यावरच कळलं. विचारलं असतं तर ती राहिली असती, आणि बापासाठी राहिली असती. त्यापेक्षा आकड्यासाठी राहिलेली बरी, असं काही तरी त्यानं सकाळी पट्टी हातात धरून मनाशी ठरवलं होतं. आता ते शब्दांत मांडायला गेलं तर कुठेच उभं राहत नव्हतं.

अनुयानं पुस्तक मिटलं नव्हतं. तिचं बोट आकड्याखालून निघालं, पानाच्या कोपऱ्याशी गेलं आणि सपाट केलेला कोपरा तिनं नकळत परत दुमडला.

"पुढे वाच," चारुदत्त म्हणाला. "अर्धवट सोडायचं नाही."

नोकरीची ओळ झाली. खर्चाची झाली. सगळं जुळलं. त्याच्या खुणा आता नेहमीसारख्या पडत होत्या, छोट्या आणि तिरक्या. सुलभानं दोघांपुढे कप ठेवले, अनुयाच्या कपाशेजारी मूठभर शेंगदाणे ठेवले आणि पुन्हा डाळीचं ताट ओढून बसली.

शेवटची ओळ अंतराची. अनुयानं नकाशाची घडी उलगडून टेबलावर पसरली. अप्पर हटवर एक बोट ठेवलं आणि दुसरं बोट वर वर नेत, डोंगर आणि तळं ओलांडून, पार कागदाच्या वरच्या टोकाला नेऊन टेकवलं. मग कडेच्या कोष्टकात पाहिलं.

"घरापासून अंतर," ती म्हणाली. "ऑकलंड."

तिनं एक मोठा श्वास घेतला. पाय आता जमिनीला टेकत होते, तरी ते टेबलाखाली हलायला लागले होते.

"सहा," ती म्हणाली. "तीन. पूज्य."

चारुदत्तानं कागदावर पाहिलं. सहाशे तीस. बरोबर होतं. त्यानं हिरवी पेन्सिल घेतली आणि खूण केली.